नईमाचा स्वेटर

किसनराव सरांचं नाव निघालं की अजून माझं डोकं तापतं. अमरावतीत ती शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजची वर्षं होती. शेतीवर आभाळ कोसळलेलं आणि वऱ्हाडातल्या माणसांचा आत्मविश्वास वाढवायला मुंबईहून संस्था येत होत्या. कापसाला भाव कुणी वाढवून देत नव्हतं, आत्मविश्वास मात्र फुकट होता. अशाच एका संस्थेचं उन्हाळी शिबिर आमच्याकडे एका शाळेत भरायचं. पोरं सकाळी यायची, संध्याकाळी घरी जायची. मध्ये गाणी, खेळ, सहली आणि प्रत्येकाचं एक चॅलेंज. सर संचालक, मी पोरांची प्रतीक्षाताई, आणि नईमा बाकीचं सगळं बघणारी.

सगळं म्हणजे खरोखर सगळं. माठ भरणं, खिचडी टाकणं, रडणाऱ्याला गप्प करणं, ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात कांदा घालणं. चाळिशीची, अंगानं बारीक, तोंडानं फटकळ. नवरा अब्दुल रहीम टरबुजांची गाडी लावायचा. लग्नात त्यानं तिला चिखलदऱ्याला नेईन असा शब्द दिला होता. पण टरबुजाचा धंदा उन्हाळ्याचा आणि थंड हवेची हौसही उन्हाळ्याचीच, म्हणून ते राहूनच गेलं. शिबिराची शेवटची सहल दरवर्षी चिखलदऱ्याला जायची. तिथंही तेच. कुणीतरी मागे थांबावं लागतं, असं सर म्हणायचे, आणि ते कुणीतरी कायम नईमाच असायची.

त्या वर्षी सरांनी फर्मान काढलं, काम करणाऱ्यांनीही चॅलेंज घ्यायचं. स्वतः सर रोज पहाटे उठणार होते. मी स्कूटी शिकणार होते.

नईमा म्हणाली, "मी चिखलदऱ्याले जाईन."

सर हसले. "अगं, हे काय चॅलेंज झालं? बसमध्ये बसायचं अन् उतरायचं."

"थेच त जमून नाई रायलं, सर. मे महिन्यात थंडी कशी लागते, थे मले पायचं हाये."

सगळ्या पोरांसमोर सरांनी 'पक्कं' म्हणून हात वर केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

रिद्धपूरच्या सहलीला एका पोरीला ताप होता, नईमा तिच्याजवळ थांबली. अचलपूरच्या दिवशी स्वयंपाकाची मैनाबाई आली नाही, नईमा चुलीपाशी थांबली. दोन्ही वेळेला तिनं सरांना बजावलं, "चिखलदरा माहा हाये, ध्यानात ठेवजा." सर मान डोलवायचे. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटच्या सहलीला नईमा जावेकडून लाल स्वेटर मागून घेऊन आली. अंगाची लाही लाही होत होती आणि ही बाई स्वेटर घेऊन! आम्ही तिला खूप चिडवलं. ती सगळ्यांच्या आधी खिडकीपाशी जाऊन बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

बस सुटायच्या बेतात सरांची मेहुणी आली. पुण्याहून, दोन पोरांसकट. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! आधीच बस खचाखच भरलेली. कुणाला कुठं सरकवायचं या गोंधळात बस उन्हात उभी राहिली आणि छोट्या निखतचा घोळणा फुटला. नाकातून रक्त येताना पाहून नईमानं पिशवी सीटवर टाकली, पोरीला उचलून खाली नेलं, नळाखाली डोकं धरलं. रक्त थांबलं. दोघी परत आल्या तेव्हा तिच्या खिडकीत मेहुणी बसली होती.

"सर, ती नईमाची जागा आहे," मी ओरडले.

"मंग का करू? पाव्हनीले उठवू का आता?" सर दबक्या आवाजात म्हणाले. "नईमा, तू पुढच्या वर्षी नक्की."

मी उतरायला निघाले. नईमानं निखतला माझ्या कडेवर दिलं. "तू काहून उतरतं? पोरांजोळ कोन राईन?"

तिनं खालूनच पिशवी मागितली. मेहुणीनं ती खिडकीतून दिली, पण आधी आत डोकावली. "अगंबाई, स्वेटर! वर गार असतं म्हणे. माझ्या धाकट्याला देता का? लगेच परत पाठवते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नईमानं मात्र स्वेटर काढून दिला.

चार दिवसांनी समारोप झाला. स्वेटर आदल्या संध्याकाळी परत आला होता, बाहीला चटणीचा डाग आणि खिशात चिवडा. मुंबईचे पाहुणे खुर्च्यांवर बसलेले. एकेक पोर पुढे येऊन चॅलेंज सांगत होतं, बिल्ला घेत होतं. सगळ्यात शेवटी सर माइकवर म्हणाले, "नईमाताईंचं थोडं राहिलं. पण त्यांची जिद्द मोठी, म्हणून त्यांनाही बिल्ला."

नईमानं बिल्ला घेतला. पिशवीतून स्वेटर काढला, पाहुण्यांसमोर टेबलावर पसरला आणि बिल्ला त्याच्या छातीला टोचला.

"चिखलदऱ्याले हा गेल्ता, सर. मी नाई गेली." मग पोरांकडे वळून म्हणाली, "वाजवा टाळ्या."

पोरांनी जीव तोडून वाजवल्या. सर खाली बघत होते.

पुढच्या उन्हाळ्यात नईमाला कुणी बोलावलं नाही. चिखलदऱ्याची बस निघाली तेव्हा शाळेच्या फाटकात मी उभी होते. कुणीतरी मागे थांबावं लागतं, असं सर म्हणाले.