दोन फेऱ्यांनंतर परत या

माझ्या भावाच्या दुकानाच्या दारात एक स्क्रूड्रायव्हर टांगलेला आहे. दोरी पाच-सहा वेळा बदलली, स्क्रूड्रायव्हर तोच. वर लुसिएनच्या हातची पाटी आहे: 'दोन फेऱ्यांनंतर परत या.' नव्या स्नोबोर्डावर बाइंडिंग बसवली, म्हणजे बर्फावरून घसरायच्या त्या फळीला बूट जखडणारे पट्टे, की पहिल्या एक-दोन उतारांत त्यांचे स्क्रू जरासे हलतातच. म्हणून दोनदा डोंगर उतरायचा आणि दुकानात यायचं. लुसिएन आठही स्क्रू पुन्हा आवळून देणार. जो येणार नाही त्याला हा माणूस उतारावर शोधत जायचा आणि चारचौघांत झापायचा.

मी ऑडेट, त्याची थोरली बहीण. आमच्या डोंगरावरच्या तिकिटाच्या खिडकीत चौतीस वर्षं बसले, त्यामुळे त्याचं सगळं झापणं मला तिथून फुकट ऐकू यायचं.

डोंगर आपला म्हणायचा. उत्तर व्हरमाँटमधली टेकडी ती, तारेवरून माणसं वर नेणारी एक लिफ्ट आणि सहा उतार. तरुणपणी लुसिएन सुतारकाम करायचा. तेव्हा मोठ्या डोंगरांवर स्नोबोर्डवाल्यांना हाकलून लावत. आम्ही त्यांना आत घेतलं. काही उदारपणा वगैरे नाही हं, आमच्याकडे दुसरं कोण यायला बसलं होतं? ती पोरं मोडक्या फळ्या घेऊन यायची आणि लुसिएन त्या दुरुस्त करायचा. बघता बघता सुतारकाम सुटलं आणि हेच गळ्यात पडलं.

बोर्डांना मेण लावायला त्याने माझी इस्त्री नेली. विचारलं? छे! तळाला मेण वितळवून लावायचं, गार होऊ द्यायचं, मग खरवडून ब्रशने घासायचं, एवढं सगळं झाल्यावर इस्त्री गपचूप माझ्या कपाटात परत. रविवारी चर्चला जाताना माझ्या नवऱ्याचा पांढरा शर्ट पाठीवर मेणचट झाला होता. "त्याला आता पाऊस लागणार नाही," हे वर!

गिऱ्हाइकांशी बोलणंही तसलंच. पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून आया दोन मापं मोठे बूट मागायच्या. "बाई, पोराला बूट हवेत की तंबू? बोटं पुढे टेकली पाहिजेत, टाच उचलता कामा नये." ओले बूट शेगडीजवळ ठेवलेले दिसले तर संपलंच. पण त्याची खरी खोड म्हणजे धक्का. कुणाचा कुठला पाय पुढे, ते त्या माणसाला स्वतःला ठाऊक नसतं. म्हणून नवा माणूस पायांत मोजे घालून उभा राहिला की लुसिएन बोलत बोलत मागे जायचा आणि पाठीवर हलकेच धक्का द्यायचा. तोल सावरायला जो पाय पुढे पडेल तो बोर्डावर पुढे. शाळेच्या हेडबाईंनाही सोडलं नाही त्याने.

त्याची मुलगी सोलांज याच दुकानात मोठी झाली. तिचा डावा पाय पुढे. एकोणीस वर्षांची होती तेव्हा तिच्यासारखी उतरणारी आमच्या भागात दुसरी कुणी नव्हती. शर्यतीच्या सकाळी तिला वाटलं, मागचं बाइंडिंग एक भोक पुढे हवं. शर्यतीच्या दिवशी बोर्डाला हात लावायचा नाही, हा नियम लुसिएनचाच. पण लेक मागतेय म्हटल्यावर त्याने बदललं. "दोन फेऱ्या करून ये," म्हणाला. ती म्हणाली, "बाबा, वेळ नाहीये." आणि दुकानात रांग होती, म्हणून हा गेला नाही शोधायला. जगातल्या सगळ्या पोरांना उतारावर जाऊन शोधणारा माझा भाऊ, त्या दिवशी नेमका गेला नाही.

चौथ्या फेरीला स्क्रू निघाले. एक पाय सुटला, दुसरा जखडलेलाच राहिला. गुडघ्याचं पार वाटोळं झालं. हाडं जुळली, पण पाय पुरता वाकेना तो वाकेनाच. पुढे ती ॲरिझोनात गेली, जिथे फ्रीजबाहेर बर्फ म्हणून दिसत नाही. लग्न केलं, मोडलंही. आईच्या अंत्यविधीला आली ती शेवटची, त्यालाही अकरा वर्षं झाली. त्या सकाळबद्दल बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मी बोलायला गेले तर दोघंही उठून जायचे. एकाच मुशीतली!

गेल्या शरद ऋतूत तिचा फोन आला. मेबलला, तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला, बर्फ बघायचाय. नाताळला येऊ.

लुसिएनने त्याच आठवड्यात बोर्ड आणला. उभा धरला तर मेबलच्या हनुवटीला लागेल एवढा. उंची फोनवर तीनदा विचारली होती. "कुठला पाय पुढे पडतो तिचा? मागून जरा धक्का देऊन बघ ना," म्हणाला. पलीकडून सोलांज म्हणाली, "बाबा, मी माझ्या मुलीला धक्केबिक्के देणार नाही. माझ्यासारखाच असेल." म्हणून त्याने डावा पाय पुढे धरून बाइंडिंग बसवली. कडांवर कानस फिरवली, टोकांची धार मुद्दाम बोथट केली, नवशिक्या पोरीला ती अडकू नये म्हणून. मेणाचे तीन थर दिले. एक थर पुरतो, मलाही कळतं.

"अरे, नऊ वर्षांची आहे ती, कुठे पदक आणायला चाललीये?" मी म्हटलं.

त्याने कानस खाली ठेवली. "ऑडेट, मला दुसरं काही नकोय गं. तिने दोन फेऱ्या करून परत यायला हवं. मी स्क्रू आवळीन. सोलांजने ते बघायला हवं, बस्स."

सूप उतू जातंय असं सांगून मी घरी आले.

आणि डिसेंबरात पाऊस. रोज पाऊस. बर्फ फवारायचं यंत्र आहे आमच्याकडे, पण हवा गोठणबिंदूच्या खालीच जाईना तर ते तरी काय फवारणार? उतार तपकिरी, त्यावर गेल्या उन्हाळ्यातलं गवत लोळलेलं. एकोणीस तारखेला टेकडीच्या मालकाने आम्हाला बोलावलं आणि सांगितलं, हा चौथा हिवाळा असा. वसंतात लिफ्टचे खांब उतरवून भंगारात जातील. त्याचं तरी काय चुकलं? मी माझ्या खिडकीची किल्ली तिथेच टेबलावर ठेवली. लुसिएनने एकच विचारलं, "नाताळपर्यंत लिफ्ट फिरेल ना?" मालक खिडकीबाहेरच्या चिखलाकडे बघत राहिला.

त्या आल्या. मेबल बडबडी, गुडघे खरचटलेली, आजोबांना इथली पोरं म्हणतात तसं पहिल्या दिवसापासून लुसिएनला 'पेपे' म्हणायला लागली. सोलांज जिना बाजूबाजूने उतरायची, एका वेळी एक पायरी. लुसिएन तोंड फिरवायचा. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"अजून दोष देतेस का गं त्याला?"

"नाही गं आत्या. कधीच दिला नाही." बटाटे सोलता सोलता ती थांबली. "पण माझा गुडघा दिसला की त्यांचा चेहरा कसा होतो पाहिलायस? मला तो चेहरा सोसत नाही. म्हणून येत नाही मी."

"मग हे त्याला सांग ना, बाई!"

"तू सांग," म्हणाली, आणि बटाटे सोलत राहिली. मी नाही सांगितलं. त्यांचं त्यांनी बोलावं, असं मला वाटलं. तो माझा मूर्खपणा.

त्या परत जायच्या आदल्या दिवशी सकाळी लुसिएन माझ्या दारात उभा. "गाडी काढ." गावात बर्फावरच्या हॉकीचं बंदिस्त मैदान आहे. ते गुळगुळीत करणारं यंत्र रोज बर्फाचा कीस खरवडून मागच्या अंगणात टाकतं, त्याचा ढीग साचतो. बर्फ नसलेल्या वर्षी आमची पोरं तोच चोरून नेऊन घसरगुंड्या करतात. आम्ही दोन म्हातारे फावडी घेऊन चार खेपा केल्या. माझी कंबर गेली ती अजून गेलेलीच आहे. दुकानामागच्या उतारावर चाळीस पावलांची एक मळकट पांढरी पट्टी तयार झाली, कडेने चिखल.

"हा डोंगर?" मेबल म्हणाली.

"छोटा डोंगर," लुसिएन म्हणाला. "मोठा आजारी आहे." मोज्यांवर तिला दुकानात उभं केलं, तिच्या गावी, टक्सनला, चांगला पिझ्झा मिळतो का विचारत विचारत मागे गेला आणि दिला धक्का.

उजवा पाय पुढे पडला.

त्याने पुन्हा दिला. पुन्हा उजवा. मेबलला हसू आवरेना, "अजून एकदा, पेपे!" लुसिएन मात्र पांढरा पडला होता. बोर्ड डाव्यासाठी लावलेला. म्हणजे आज, उतरायच्या सकाळी, सगळं सोडवून उलटं बसवायला हवं. मी म्हटलं, राहू दे, तशीच घसरेल चाळीस पावलं. तो म्हणाला, "पाय चुकीचा ठेवून पाठवू तिला?"

तो टेबलावर वाकला. एकेक स्क्रू तीन-तीनदा आवळला, हातांनी हलवून बघितला, पुन्हा आवळला. मान वर केली तर दारात सोलांज उभी, त्याच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत. किती वेळ उभी होती देव जाणे.

"आत्ता बदलताय?" एवढंच म्हणाली.

"दोन फेऱ्या झाल्या की आवळणार आहे मी," लुसिएन म्हणाला. "इथेच खाली उभा राहतो. हलणार नाही."

पहिली फेरी झाली. मेबल हात पसरून, किंचाळत, वाकडीतिकडी खाली आली आणि लुसिएनच्या पोटावर आदळून थांबली. तो इतका हसला की त्याच्या दातांची कवळी हलली. कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं मी ते हसणं. "एक!" मेबल ओरडली आणि बोर्ड काखेत मारून पुन्हा वर पळाली. लुसिएनने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून हातात घेतला.

दुसऱ्या वेळी ती निम्म्यात आली, बोर्डाची कड पट्टीबाहेरच्या चिखलात रुतली आणि पोरगी तोंडघशी पडली. लागलं नव्हतं. चिखलाने माखून ती हसत होती. पण सोलांज पळत सुटली होती. तो पाय फरफटत, एकदा घसरून पडून, उठून, ओरडत: "काढा ते! काढा तिच्या पायातून! काढा!" मेबल घाबरून रडायला लागली. सोलांज चिखलात बसून पट्टे सोडवत होती, आणि ते सुटत नव्हते, कारण लुसिएनने तेही स्क्रूंसारखेच पक्के आवळले होते. एक स्क्रू तसूभर हलला नव्हता.

लुसिएन हलला नाही. म्हणाला होता तसा खालीच उभा राहिला, स्क्रूड्रायव्हर हातात. सोलांजने पोरीला उचललं, त्याच्याजवळून जाताना थांबली, तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल, देवा, आता तरी बोल. ती म्हणाली, "बाबा, आम्ही आजच निघतो."

बोर्ड तिने नेला नाही. पोरगी मात्र गाडीच्या काचेला नाक लावून ओरडत होती, "पेपे, एकच झाली! एक राहिली!"

सोलांज स्वयंपाकघरात जे बोलली होती ते मी त्या संध्याकाळी लुसिएनला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "आता काय उपयोग," म्हणाला. तोही चेहरा मला पाहवेना.

मार्चमध्ये लिफ्टचे खांब कापायला लोक आले. मी दुकानात गेले तेव्हा लुसिएनने मेबलचा बोर्ड टेबलावर घेतला होता आणि माझी जुनी इस्त्री तापत होती. हंगाम संपला की बोर्डाला उन्हाळ्याचं मेण लावतात. जाड, कडांवरून ओघळेल असं, गंज चढू नये म्हणून. ते खरवडायचं नसतं, पहिला बर्फ पडेपर्यंत तसंच ठेवायचं असतं. त्याने ते नीट लावलं, कोपरा न् कोपरा, एकच फेरी झालेल्या बोर्डाला. बाहेर करवत चालू होती.

मग त्याने बोर्ड उलटा केला. ठेवून देण्याआधी बाइंडिंगचे स्क्रू सैल करायचे असतात, फळीवर ताण राहू नये म्हणून. त्याने दारातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि थांबला.

"तू कर गं," म्हणाला.

मी आठही स्क्रू सैल केले. भारी घट्ट होते.