गोरी भेटली

"हाताची साफ आहे पोरगी, पन तोंडच नाही तिले."

इन्चार्ज सिस्टर डॉक्टरांना सांगत होत्या. ड्रेसिंग रूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि मी आत ट्रे पुसत होते, आधीच पुसलेला. डॉक्टर हसले. म्हणाले, "शनिवारपर्यंत पाहू. नाहीतर राहू द्या."

राहू द्या म्हणजे ठेवून घ्या की सोडून द्या, ते मला कळलं नाही. बाहेर जाऊन विचारता आलं असतं. मी ट्रे पुन्हा पुसला. तो गुरुवार होता.

बाबांची रेल्वेत बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून गोंदियाला आलो. माझा नर्सिंगचा निकाल लागला तेव्हा क्वार्टरमधली निम्मी खोकीसुद्धा उघडलेली नव्हती. पहिल्या हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "एक्सपीरियन्स कितने साल का है?" मी म्हटलं, "फ्रेशर." तिने मागच्या माणसाकडे पाहिलं. दुसऱ्या ठिकाणी फाइल ठेवून घेतली. तिसरं आमगावला होतं. गाडीने गेले, दोन तास बाकावर बसले, डॉक्टर आलेच नाहीत. घरी मला एका जागी बसवत नसे. सर्टिफिकेटं तारखेप्रमाणे लावायची, मग आकाराप्रमाणे, मग खिडकीशी जायचं, शंटिंग बघायचं, परत यायचं. आई म्हणाली, "बस ना गं जरा. तुझ्या चालण्याने मलाच दम लागतो."

शेवटी या वीस खाटांच्या हॉस्पिटलने आठवडाभर येऊन पाहायला सांगितलं. जमलं तर नोकरी.

काम येत होतं. बोलणं येत नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, त्याचं मराठी होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. इथे तर बाजारात हिंदी आणि वॉर्डात निराळीच मराठी. काऊन म्हणजे का, आणि 'जाऊन राहिली' म्हणजे ती अजून जातेच आहे, एवढं दोन दिवसांत कळलं. जे कळत नसे त्याला मी हसून मान हलवत असे. शाळेपासूनची युक्ती. बहुतेक वेळा निभावून जाते.

सहा नंबरच्या खाटेवर कामठ्याकडच्या एक आजी होत्या. पायाला जखम, त्यात शुगर. मी ड्रेसिंग करायला बसले की त्या वाकून माझ्या तोंडाकडे बघत.

"मुकी आहेस का वो बाई?"

मी हसायची.

"हासते तं," त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत. "आवाज नाही निंगत फक्त."

शुक्रवारी सकाळी मी औषधांच्या फेरीला निघाले. आजींच्या कागदावर शुगरच्या गोळीपुढचा रकाना कोरा होता. सकाळची ती गोळी रात्रपाळीच्या सिस्टर जाण्याआधी देतात; त्यांची सही नव्हती, म्हणजे गोळी द्यायची राहिली होती. मी ती आजींच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मले गोरी भेटली सकारीच," आजी म्हणाल्या.

रात्रपाळीच्या सिस्टर खूप गोऱ्या आहेत. वॉर्डातले सगळे त्यांना गोरी सिस्टर म्हणतात. जाताना भेटून गेल्या असतील, असं मी धरलं. मी हसले आणि मान हलवली.

आजींनी गोळीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी अजून मान हलवतच होते. त्यांनी गोळी गिळली. मी रकान्यात सही केली.

अकराच्या सुमाराला शेजारच्या खाटेवरची बाई ओरडली. आजींचं लुगडं घामाने भिजलं होतं आणि त्या छताकडे बघून कुणाला तरी म्हशी सोडायला सांगत होत्या. मी बोटातून रक्त घेतलं, शुगर पाहिली. अठ्ठेचाळीस. इन्चार्ज सिस्टर धावत आल्या, डॉक्टर आले, शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळाने आजींनी मला ओळखलं. "मुकी," त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "गोळी तर एकच आहे. मग एवढी कशी उतरली?" मग आजींच्या मुलीकडे वळून म्हणाले, "घरून काही आणलं होतं का खायला?"

मुलगी उशाची थैली उपसायला लागली. तिच्या हाताला गोळ्यांचं एक जुनं पाकीट लागलं.

"काऊन वो माय, थैलीतली गोरी खाल्ली ना तू?"

"नाही वो, मी कायले खाऊ?"

"मंग हे दोन गोऱ्या कमी कशा?"

"ते जुन्या आहेत."

"लबाड बोलून राहिली! डॉक्टरसमोर!"

गोरी. तिच्या हातात पाकीट होतं आणि ती त्याला गोरी म्हणत होती. गोरी म्हणजे गोळी. इथे ळ चा र होतो आणि मिळण्याला भेटणं म्हणतात. मले गोरी भेटली सकारीच. रात्रपाळीच्या सिस्टरनी गोळी दिली होती, सही राहिली होती, आणि आजींनी मला ते स्पष्ट सांगितलं होतं.

"बुढ्या मानसाचं असंच असते," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. डॉक्टर पेनचं टोपण लावत होते. "आता बऱ्या आहेत. दुपारी जेवल्या की सुट्टी देऊन टाका."

माझ्या बोटांनी एप्रनची शिवण उसवायला घेतली होती. दोन गोळ्यांचा असर दुपारी संपणार नाही. संध्याकाळी शुगर पुन्हा उतरू शकते, आणि तेव्हा त्या घरी असतील. पण उद्या शनिवार होता. कागदावर माझी एकच सही होती, नीट, जागच्या जागी. आजी मुलीकडे पाठ करून भिंतीकडे वळल्या होत्या. मला कुणीच काही विचारत नव्हतं. ते विचारणारही नव्हते, कारण मी बोलत नाही हे त्यांना आता माहीत झालं होतं.

डॉक्टर दारापर्यंत गेले.

वाक्य इंग्रजीत आलं. मी ते तिथेच सोडलं.

"सर, सुट्टी नका देऊ. आजी खोटं नाही बोलत. सकाळी मला म्हणाल्या होत्या, गोळी मिळाली म्हणून. मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. दुसरी गोळी मी दिली."