पाचव्या झाडावरची भेग

"घाबरण्याचाच पगार घेतो मी," टकटकमामा एकदा म्हणाले होते. डबा खाताना म्हणाले, म्हणून आम्ही हसलो. त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला आणि पुढे म्हणाले, "नुसतं चालायलाच हवं असतं तर माकड ठेवलं असतं की यांनी."

ते पाचवं झाड अजून उभं आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मामा खरे ठरले की खोटे, याची वाट बघत कुणी बसायला नको. यंत्र घेऊन आलेल्या तज्ज्ञांनी नंतर ते दोनदा तपासलं. एकदा बरं म्हणाले, एकदा मान हलवून गेले. त्या रविवारपासून त्याच्यावर कुणी पाऊल मात्र ठेवलेलं नाही.

आमचं जंगल जुनं, कुणी न लावलेलं. खालून पक्षी बघायच्या पाऊलवाटा जातात आणि वरून एक झुलती वाट. आठ मोठी झाडं, प्रत्येकावर एक मचाण, आणि मचाणांमध्ये पोलादी तारांवर टांगलेले सात पूल. सर्वांत उंच जागी खाली बघितलं तर माणसं दिसत नाहीत, फक्त पानं हलतात. मी तिकीट खिडकीवर असतो. मामांची सही झाल्याशिवाय खिडकी उघडायची नाही, असा नियम आहे.

मामा वाटेचे तपासनीस. सकाळी सहाला, जंगल नीट उजाडायच्या आत, एकटे वर जायचे. हातात लाकडी हातोडी. प्रत्येक खोडाभोवती फिरून ठोकायचे आणि कान लावून उभे राहायचे, म्हणून टकटकमामा. प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडी पट्टीपर्यंत त्यांनी लाल रंगाची एक रेघ ओढलेली. नट फिरला की रेघ तुटते. अकरा वर्षांत सात रेघा तुटल्या, सातही त्यांनी खाली एक माणूस यायच्या आत पकडल्या. मग ऑफिसात येऊन वहीत लिहायचे, 'वाट सुरू', आणि सही.

गेल्या हिवाळ्यात ते चौथ्या आणि पाचव्या झाडामधल्या पुलावर अडकले. काहीच झालं नव्हतं. साधा वारा होता. मी खालून जात होतो. वर बघितलं तर मामा फळ्यांवर बसलेले, दोन्ही मुठी जाळीत. त्यांची मुलगी पाऊलवाटांवर लोकांना पक्षी दाखवते. ती वर गेली, त्यांच्यासमोर फळीवर बसली आणि बसल्या बसल्याच मागे सरकू लागली.

"बाबा, मी घरी गॅस बंद केला का हो? आठवतंय? नाही ना? मलाही नाही. चला, बघायला जाऊ. जरा पुढे या. अजून जरा."

असं अर्धा तास. खाली आल्यावर तिने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी कुणाला बोललो नाही.

पण त्या दिवसापासून मामांचं बिनसलं. पूर्वी भीती त्यांना वर भेटायची, एखाद्या तारेपाशी, एखाद्या नटापाशी, आणि तिचं काम झालं की ते तिला तिथेच सोडून यायचे. आता ती घरूनच निघायची. त्यांच्याबरोबर बस धरायची, शेजारी बसायची. कान खोडाला लावला तर आधी स्वतःचंच काळीज ऐकू यायचं. त्या धडधडीच्या पलीकडे लाकूड काय म्हणतंय, ते कसं कळणार?

पाचव्या झाडाची एक जाड फांदी दोन वर्षांपूर्वी मोडून पडली होती. तिथे मोठी ढोली झाली आणि यंदा ढोलीत धनेश पक्ष्यांची जोडी आली. मादी आत जाऊन बसली, ढोलीचं तोंड लिंपून घेतलं. बाहेर उरली फक्त चोच मावेल एवढी फट. नर दिवसभर फळं आणून भरवायचा. चौथ्या मचाणावरून हे सगळं समोरासमोर दिसतं. लोक वेडे झाले. मामांची मुलगी दिवसातून सहा वेळा तीच गोष्ट सांगायची आणि सहाही वेळा तिचा आवाज भरून यायचा.

"तुला ढोलीत पक्षी दिसतो," मामा तिला म्हणाले. "मला पोकळ झाड दिसतं."

"तुम्हाला लग्नाच्या मांडवातसुद्धा बांबूच दिसतात, बाबा."

चार महिन्यांपूर्वी यंत्राने केलेल्या तपासणीत झाड ठीक ठरलं होतं. आत पोकळ असलं तरी बाहेरचं कवच जाड आहे, असं आलं. मामांना मात्र मचाणाखाली, खोडाला घातलेल्या तारेच्या वेढ्याजवळ, एक बारीक भेग सापडली. गवंडी भिंतीच्या भेगेवर करतात तसं त्यांनी केलं. प्लास्टरची अंगठ्याएवढी पट्टी भेगेवर आडवी चिकटवली. भेग हलली तर पट्टी तडकते.

पहिली पट्टी दोन दिवसांत तडकली. दुसरीही. शनिवारी संध्याकाळी खिडकीशी येऊन त्यांनी मला हे सांगितलं. त्यांचे हात खिशात होते.

"मग साहेबांना सांगा ना."

"काय सांगू? पालथं पडून, हात खाली घालून बघावं लागतं. हात असा कापतो..." त्यांनी हात बाहेर काढून दाखवला आणि लगेच परत खिशात घातला. "पट्टी आधीच तडकली होती की माझ्या बोटांनी तडकली, ते माझं मलाच कळत नाही."

रविवारी साठ माणसं आली. पिल्लू बाहेर यायचे दिवस होते. गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या, खिडकीसमोर रांग. साडेसात वाजले, पावणेआठ वाजले, वही कोरी. शेवटी मीच ऑफिसात गेलो.

छोटी खोली. भिंतीवर वाटेचा नकाशा, कोपऱ्यात ओले रेनकोट, टेबलावर थंड झालेला चहा. साहेब मामांपेक्षा वीस वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही. मुलगी दाराशी उभी होती.

"मामा, राग मानू नका," साहेब म्हणत होते, "पण झाड गेलंय की तुमचे पाय गेलेत?"

मामांनी मुलीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. हिवाळ्यातली गोष्ट तिनेच सांगितली होती, हे तेव्हा मला कळलं.

"मी तुमच्या काळजीने सांगितलं," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही रोज रात्री झोपेत गादी घट्ट धरता. ते झाड नाही हो, तुम्ही घाबरलाय."

"असेल," मामा म्हणाले. "मलाही तसंच वाटतं कधी कधी."

"झालं तर मग!" साहेबांनी वही पुढे सरकवली. "यंत्रवाले मंगळवारी येणारच आहेत. आज दहा-दहाच माणसं सोडू."

मामांनी पेन उचललं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग मुलीकडे. "तुझा हात तर कापत नाही ना? तू जाऊन लाव एक पट्टी. लवकर वाळणारं प्लास्टर आहे. अर्धा तास थांबून बघ. तडकली तर बंद, नाही तर सुरू. मान्य?"

"तिला नको," मामा म्हणाले.

"का?"

साठ परक्या माणसांसाठी जी भीती त्यांना शब्दांत मांडता येत नव्हती, ती आता एकाच माणसाची झाली होती. मुलीने प्लास्टरचा डबा घेतला आणि ती गेली.

तो अर्धा तास आम्ही तिघं त्या खोलीत होतो. मामा खुर्चीवर ताठ, कान खिडकीकडे. बाहेर रांगेतलं कुणी तरी हसलं की ते दचकायचे. एकदा वारा आला, छपरावर काड्या पडल्या. ते अर्धे उठले आणि तसेच, ना उभे ना बसलेले, वारा थांबेपर्यंत राहिले. साहेबांनी चहाचा कप उचलून न पिताच परत ठेवला. मी सारखा माझ्याच बुटांकडे बघत होतो. एक फळी करकरली असती तरी आम्हाला इथे ऐकू आली नसती, आणि तरी ऐकत होतो.

ती आली. केसांत पानाचा तुकडा.

"शाबूत आहे," ती म्हणाली. "केसाएवढीही चीर नाही."

साहेबांनी श्वास सोडला. "बघा! करा सही, मामा."

मामा मुलीच्या हातांकडे बघत होते. तळव्यांवर जाळीचे चौकोन उमटले होते, लाल, खोल.

"जाळी धरली होतीस?"

तिने मुठी मिटल्या.

"एका हाताने?"

"दोन्ही."

त्या पोरीने आजवर जाळीला हात लावलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता. पुलावरून ती मागे बघत, बोलत चालायची, दोन्ही हातांत दुर्बीण.

"का गं?" मामांनी अगदी हळू विचारलं.

"माहीत नाही, बाबा. काही झालं नाही. काहीच झालं नाही. पट्टी शाबूत आहे, मी खोटं सांगत नाही." तिने तळवे एकमेकांवर घासले. "फक्त सोडवेना."

"अहो, वडलांचं ऐकून ऐकून तीही..." साहेब म्हणाले. "उद्या मी घाबरेन, परवा हा तिकीटवाला. साठ माणसांना काय सांगू मी? पट्टी शाबूत आहे पण आमच्या पोटात गोळा आलाय? मामा, आज बंद लिहिलंत तर वर मला कारण द्यावं लागेल, आणि कारण तुम्ही असाल. मग या कामावर तुम्हाला ठेवता येणार नाही. कळतंय ना?"

मामांनी मान डोलावली. पेन घेतलं. उजवा हात कापत होता, म्हणून डाव्या हाताने मनगट धरलं. 'वाट बंद' लिहायला त्यांना बराच वेळ लागला. अक्षरं लहान मुलाने काढावीत तशी आली. कारणाच्या रकान्यात पेन टेकलं, थांबलं, आणि तो रकाना त्यांनी कोरा सोडला. खाली सही केली.

साहेब काही तरी म्हणाले. मुलगी "बाबा" म्हणाली. मामांनी वही मिटली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि ते दाराबाहेर गेले.