निम्मं माळवद, निम्मा पत्रा

दुसरी मोठी लढाई संपल्यावर माझे थोरले दीर पलटणीतून घरी आले आणि साताऱ्याहून गाडीभर पत्रे घेऊन आले. आमचं घर म्हसवडच्या बाजूचं, मातीच्या माळवदाचं. पत्रे निम्म्या घरालाच पुरले. पुढच्या सोप्यावरचं माळवद उतरवून तिथं पत्रा चढला, स्वयंपाकघरावर माती तशीच राहिली. गावातली माणसं पत्रा बघायला यायची. सासूबाई सगळ्यांना चहा द्यायला लावायच्या.

उन्हाळ्यात दुपारी सोप्यात बसवेना. तिथली लोखंडी पाटी उचलली तर हाताला चटका बसायचा. मग घरातली सगळी माणसं माझ्या स्वयंपाकघरात येऊन निजायची, चूल पेटलेली असली तरी. आणि निजल्या निजल्या पत्र्याचं कौतुक चालायचं.

पण माझ्या जिवाला घोर उन्हाचा नव्हता. पत्र्याच्या कडेखालीच अंगणात आमचं पेव होतं. दसऱ्यापर्यंत पुरेल एवढी ज्वारी घरात ठेवून बाकी वर्षाची त्या खड्ड्यात भरून, तोंडावर फरशी ठेवून, वर मातीचा उंचवटा केलेला. बाजारात ज्वारी मिळत नव्हती. घरात खाणारी नऊ तोंडं आणि दाणा तेवढाच.

माळवदावर पावसाळ्यात गवत उगवायचं. माती आणि गवत पाणी पिऊन घ्यायची, आणि उरलेलं पन्हळीतून बारीक धारेनं, पाऊस थांबला तरी घटकाभर येत राहायचं. खाली घागर लावली की भरायची. पत्र्याला पाणी धरून ठेवणं माहीत नाही. वळवाची एक सर आली आणि सगळं पाणी एकदम पेवावर कोसळलं. उंचवट्याची निम्मी माती वाहून गेली.

थोरल्या दिरांपुढं मी बोलायची रीत नव्हती. त्या दिवशी मालकांना म्हटलं, "आवं, पत्र्याचं पानी पेवावर पडतंया. दादास्नी सांगा की."

"म्या सांगू? त्यो लढाई बघून आलाय. पानी कुठं पडतं ते तू शिकीवनार व्हय त्याला?"

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पत्रं काय तुझ्या म्हायेरनं आल्यात व्हय गं? त्यानं आनल्यात. गप ऱ्हा."

मग मीच शेण-माती कालवून पेवावर चांगला हातभर उंच ढीग घातला आणि पाणी वळवायला कडेनं बांध केला. दोन दिवस कंबर धरली होती. तिसऱ्या दिवशी दीर अंगणात आले.

"ह्यो ढिगारा कुनी केला रं? अंगन कसं पटांगनावानी साफ पायजे." आणि खोरं घेऊन त्यांनी सगळं सपाट केलं.

मी दाराआड उभी होते. चार पावलांवर. सासूबाई समोरच होत्या.

भाद्रपदात तीन दिवस पाऊस लागला. पत्र्याचं पाणी ओढ्यासारखं पडत होतं. माझ्या डोक्यावरचं माळवद दोन ठिकाणी ठिबकलं, तेवढ्यावरून दीर म्हणाले, "बगा, म्हनून पत्रा लागतो."

दसऱ्याला पेव उघडलं. फरशी सरकवताच आंबूस वाफ आली. वरच्या थराला मोड आले होते, खालची ज्वारी काळी पडली होती.

"पेवच कच्चं काडलं आसंल आपल्या बानं," दीर म्हणाले.

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "तू तर दिसभर घरात आसतीस. तोंड नव्हतं व्हय सांगाया?"

मालक खाली बघत होते. मी पदर ओढला, सूप घेतलं आणि निवडायला बसले.

ती ज्वारी टाकून देण्यासारखी परिस्थिती नव्हती. वाळवून, धुऊन, पुन्हा वाळवून थंडीभर तीच खाल्ली. भाकरी कडू लागायची. दीर मुकाट्यानं खायचे. माझ्या थोरल्या मुलीनं एकदा घास थुंकला, तेव्हा मी तिला फाडकन मारलं. ज्यांच्यापुढं बोलायला हवं होतं त्यांच्यापुढं कधी बोलले नाही, आणि हात उठला तो तिच्यावर.