टरबुजाचा पांढरा थर

आमच्या महाराजपूरच्या कॉलनीत तळमजल्यावर एक काकू राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या नववी-दहावीच्या मुलांना मेणबत्त्या करायला शिकवतात. यंदा टरबुजाची मेणबत्ती होती. वाटीत आधी हिरवं मेण ओतायचं, ते घट्ट झालं की पांढरं, आणि शेवटी लाल.

काकू स्वतः फार बोलत नाहीत. "अच्छा, मग पुढे काय झालं?" असं विचारत मुलांनाच बोलायला लावतात. कुणाला किती मार्क पडले, कुणाची कुणाशी कट्टी आहे, सगळं त्यांना ऐकायचं असतं. एरवी त्यांच्या दारात दूधवाल्याशिवाय कुणी थांबलेलं मी पाहिलं नाही.

काल मी सहज डोकावले. पांढरा थर ओतून बराच वेळ झाला होता आणि मुलं चुळबुळत होती.

"आंटी, अब लाल डालें? फिर घर जाना है."

काकूंनी वाटीत बोट टेकवलं. "ओलंच आहे रे. काहून घाई करून राहिले? बसा."

एक मुलगी माझ्याकडे वळली. "दीदी, आप तो केमिस्ट्री पढ़ाती हैं. आप देखिए ना."

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. चूक असेल तर मी वर्गात तोंडावर सांगते, आणि त्याचा मला अभिमान आहे. मी बोट लावून पाहिलं. मेण कधीच घट्ट झालं होतं. काकू माझ्याकडे न बघता पातेल्यातलं लाल मेण ढवळत होत्या.

"अजून अर्धा तास लागेल," मी म्हणाले, आणि मुलांच्यात मांडी घालून बसले.