शंभर टोप्या आणि एक डोळा

माझ्या बहिणीचा नवरा लाइल ग्रोटबर्ग हा अख्ख्या मोंटानातला सर्वांत शहाणा माणूस आहे, असं त्याचं स्वतःचं मत आहे. साखर कारखान्यात एकतीस वर्षं पाने फिरवून निवृत्त झाला आणि तेव्हापासून गावच्या नेमबाजी क्लबात फुकटची कॉफी ढोसत जगाला अक्कल शिकवतो. उजवा डोळा त्याने तरुणपणीच घालवला. गवताचे गठ्ठे बांधताना तार तुटली आणि साहेबांनी चष्मा लावला नव्हता. दुसरा एखादा यातून काही शिकला असता. लाइल एवढंच शिकला की एका डोळ्यानेही सगळं दिसतं.

डॉक्टरांनी वर्नाला, म्हणजे माझ्या बहिणीला, तेव्हाच बजावलं होतं की उरलेला डोळा जपा. त्यांचं घर गावापासून तीस मैल आत, आणि वर्नाला गाडी चालवता येत नव्हती. तो डोळा गेला की दोघंही तिथेच अडकणार. वर्ना या भीतीत चाळीस वर्षं जगली. लाइलला भ्यायला फुरसत नव्हती.

एल्कच्या, म्हणजे इथल्या थोराड हरणाच्या, शिकारीची काडतुसं आमच्याकडे घरीच भरतात. झाडलेल्या पितळी पुंगळीच्या बुडात टिकलीएवढी नवी टोपी बसवायची, मग आत दारू, वर गोळी. बंदुकीची सुई टोपीवर आपटली की ठिणगी पडते. अशा टोप्या खोक्यात वेगवेगळ्या खणांत येतात, ते काही शोभेसाठी नाही. लाइलने मात्र रायफलच्या आणि पिस्तुलाच्या टोप्या मोहरीच्या सॉसच्या रिकाम्या बाटलीत एकत्र ओतल्या होत्या. खोकी जागा खातात म्हणे. गॅरेजात तीन मोडकी गवतकापणी यंत्रं पाळणारा माणूस हे बोलतो.

ऑक्टोबरात त्याने त्याच बाटलीतून शंभर रायफलच्या पुंगळ्यांना टोप्या बसवल्या. दारू भरायच्या आधी वर्नाने त्यांच्या बुडावरून बोट फिरवलं आणि ती थांबली.

"लाइल, यातल्या काही खोल बसल्यात. पिस्तुलाच्या आहेत."

"तुझं बोट वाकडं आहे."

"पिस्तुलाची टोपी पातळ असते," मी म्हटलं. "रायफलच्या दाबाने फाटली, तर आग तुझ्याच तोंडावर येईल."

"अर्डिस, तू आपली कॉफी पी."

पण बघितल्यावर त्यालाही दिसलं. मग साहेबांनी उपाय काढला. रात्रभर तेलात बुडवायच्या, टोप्या मरतात, आणि सकाळी खिळा-हातोड्याने ठोकून काढायच्या.

"मेल्या की नुसत्या झोपल्या, ते कोण सांगणार?" मी विचारलं. "आणि झोपलेलीवर हातोडा घालणार तू?"

वर्नाने वाद घातला नाही. तिने ती बाटली गॅरेजाबाहेर नेली, संरक्षक चष्मा चढवला, कानात बोळे घातले आणि काडतुसं भरायच्या दाबयंत्रापाशी बाजूला सरकून उभी राहिली. एका वेळी एकच पुंगळी. दांडा इतका हलका दाबायचा, की आतली सुई टोपीवर न आपटता तिला नुसती बाहेर ढकलेल. लेफसेच्या पातळ पोळ्या लाटताना तिचा हात असतो तसाच. टोपी टपकन खाली पडायची. दहा झाल्या की ती त्या बाहेर नेऊन ठेवायची. दोन दुपारी गेल्या, एकही उडाली नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि तो मी तिला सांगितलाही.

लाइल शेजारी उभा राहून नाक मुरडत होता.

"या वेगाने एल्क म्हातारे होऊन मरतील."

"चष्मा घाल नाहीतर लांब हो," वर्ना म्हणाली.

"चष्म्यावर वाफ धरते, काही दिसत नाही. तू जन्माचीच मंद, वर्ना."

तिसऱ्या दुपारी नऊच पुंगळ्या उरल्या होत्या. एक टोपी अडकली. वर्ना थांबली, पुंगळी काढायला निघाली. लाइल टोपी कुठे अडली ते बघायला थेट यंत्राच्या खाचेत वाकला, तिच्या हातावर आपला पंजा ठेवला आणि म्हणाला, "अशी दाबायची असते." आणि हिसडा दिला.

आवाज फार मोठा नव्हता. वर्नाच्या चष्म्यावर एक चरा उठला. लाइलला चष्मा नव्हता.

डोळा वाचला नाही. क्लबात तो सांगतो, "बायकोने दांडा जोरात ओढला." सगळे माना डोलावतात. मी एकदा तोंड उघडलं, तर वर्नाने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मला त्याची कीव येत नाही. तिची येते आणि रागही येतो.

अडुसष्टाव्या वर्षी वर्ना गाडी शिकली. परवा क्लबातून आम्ही तिघं परतत होतो. ती ताशी तीस मैलांच्या वेगाने चालवत होती, रस्ता मोकळा. लाइल शेजारी बसला होता, दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून.

"हळू, वर्ना. हळू चालव."

"मी मंदच आहे, लाइल," ती म्हणाली, आणि वेग वाढवला.