चकचकीत पिन

बाळांनो, काल फोनवर तुम्ही रेडिओ ऐकायच्या त्या स्कॅनरच्या अँटेनाला कोणता कनेक्टर घ्यायचा यावरून भांडत होतात, म्हणून हे लिहिते. साठ-एकसष्टच्या सुमारास दिग्रसला आमच्या घरी नवा रेडिओ आला, कारण सासूबाईंनी नागपूरला आकाशवाणीवर जाऊन गायलेलं गाणं त्यावर एकदाच लागणार होतं. एरियलसाठी, म्हणजे तेव्हाच्या अँटेनासाठी, दुकानदाराने जाड आणि बारीक अशा दोन पिना दाखवल्या. "सूनबाई इंग्रजी शिकली हाये, तिलेच इचारा," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. रेडिओसोबतचं इंग्रजी माहितीपुस्तक न उघडताच मी चकचकीत दिसणारी बारीक पिन उचलली. ती सैल बसली आणि ऐन गाण्याच्या वेळी नुसती खरखर ऐकू आली. शेजारणींसमोर मी दुकानदाराला दोष दिला. "जाऊ दे वो पोरी," सासूबाई म्हणाल्या, "माहा आवाज कसा येते, येवढंच मले आयकाचं होतं." खरं मी त्यांना कधीच सांगितलं नाही. ती पिन माझ्या शिवणाच्या डब्यात अजून आहे.